बसायले काय टाकलं?

आमच्या यांना इंग्रजी येतं, या एका गोष्टीवर माझ्या वडिलांनी मला या घरात दिली. "पोरगा मॅट्रिक हाये, फडाफडा इंग्रजी बोलते," असं ते चार गावांत सांगत फिरले. फडाफडा बोलतो तो कुणाशी, हे काही त्यांनी विचारलं नाही. ढाणकीपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथे इंग्रजी समजणारं दुसरं माणूस नव्हतं. त्यामुळे लग्न झाल्यावर ते सगळं इंग्रजी माझ्या वाट्याला आलं.

हे म्हणजे देवराव, गावच्या शाळेतले मास्तर. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी पाण्याचा तांब्या दिला तर म्हणाले, "थँक्यू." मला वाटलं, पाण्यात काही पडलं की काय. मग समजावून सांगितलं. कुणी काही दिलं की असं म्हणायचं असतं.

"घरच्या माणसालेही?" मी विचारलं.

"हो. सगळ्यायले."

"मंग तुमच्या इंग्रजीत घरचं कोण अन् बाहेरचं कोण, हे समजते कसं?"

यावर ते नुसते हसले. पण तो शब्द यांच्या जिभेला असा चिकटला की सुटता सुटेना. भाकरी वाढली, थँक्यू. टॉवेल दिला, थँक्यू. एकदा शेजारची शेळी वाटेतून बाजूला झाली, तर तिलाही थँक्यू. मोहल्ल्यातल्या बाया मला विहिरीवर "थँक्यूबाई" म्हणू लागल्या. मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं.

माझे सासरे, डोमाजी, त्यांना मी मामाजी म्हणते, ते अंगठेबहाद्दर. पण शब्दांची त्यांना भारी हौस. संध्याकाळी ओट्यावर बसले की म्हणायचे, "देवराव, आजचा शब्द काढ." मग हे काढायचे. कुणाच्या पायावर पाय पडला तर 'सॉरी' म्हणायचं आणि कुणाच्या घरी माणूस मेलं तरी 'सॉरी'च म्हणायचं. मामाजींनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "पायाले चालते. मयताले लय हलका होते."

कागदाची मुदत संपली तर 'एक्स्पायर' आणि माणूस संपला तरी तेच. यष्टी उशिरा आली तर 'लेट' आणि मेलेल्याच्या नावामागेही 'लेट'. हे म्हणाले, "म्हंजे आपल्या मायले आता लेट भागिरथाबाई म्हणा लागते." मामाजी ओट्यावरचा खडा उचलून दूर टाकत म्हणाले, "लेट काहून? ते त लवकर गेली."

पण मामाजींचा सगळ्यात लाडका शब्द होता 'यू'.

"पाटलाले काय म्हणते तुही इंग्रजी?"

"यू."

"अन् मले?"

"तुमालेही यू."

"अन् बैलाले?"

"त्यालेही यूच, बा."

मामाजी हसता हसता खोकायला लागायचे. "बैल चालते. बैलाची काई हरकत नाई," म्हणायचे. हा खेळ त्यांनी शंभरदा खेळला असेल, पण दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. ज्या माणसाला जन्मभर "अरे डोम्या"शिवाय दुसरी हाक ऐकू आली नाही, त्याला तेवढा एक शब्द पुरत होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सांगायला बसले, ती सांगते. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचं काम पूर्वी आमच्या लोकांकडे होतं. पाऊस असो की ऊन, घुंगराची काठी घेऊन निघायचं, सोयऱ्याच्या अंगणाबाहेर उभं राहून हाक द्यायची आणि मयताची बातमी सांगायची. सांगून झालं की त्या घरची बाई सुपात ज्वारी घेऊन यायची. सांगावा आणणारा रिकाम्या हाताने गेला तर मरण घरातच मुक्काम करतं, अशी समजूत. म्हणून दाणे द्यायचेच, पण वरून, शिवायचं नाही. आणि आपल्या माणसाने दुपट्टा पसरून ते घ्यायचेच. हे लहान असताना मामाजींबरोबर जायचे. दुपट्ट्याची पुढची दोन टोकं धरून उभं राहायचं, हे यांचं काम.

छप्पन साली मामाजी नागपूरहून दीक्षा घेऊन आले. आल्या दिवशी त्यांनी ती काठी चुलीत घातली आणि तिच्यावर चहा करून सगळ्या मोहल्ल्याला पाजला. मग गेले थेट मारोतराव पाटलांच्या दारात. म्हणाले, "पाटील, आजपासून माह्या घरचा माणूस तुमच्या मयताचा सांगावा सांगणार नाई, अन् सुपातला दाणा घेणार नाई." एवढं बोलून परत आले. त्यानंतर दोन हंगाम आमच्या घराला कुणी कामाला बोलावलं नाही. रानातल्या तरोट्याची भाजी खाऊन दिवस काढले. माझी सासू त्याच दिवसांत गेली. मी तिला पाहिलंही नाही, पण हे घर कशावर उभं आहे ते मला ठाऊक होतं. ते मामाजींच्या त्या एका वाक्यावर उभं होतं.

आणि मग गावात तारा यायला लागल्या.

कुणाचा पोरगा नागपूरला गिरणीत लागला, कुणाची पोरगी अकोल्याला दिली. तार उमरखेडला यायची, तिथून तारवाला सायकल हाणत आणायचा. आणि तार सगळी इंग्रजीत. सायकल गावात शिरली की बाया तारेतलं काही समजायच्या आधीच रडायला लागायच्या. पूर्वी लोक तो कागद घेऊन ढाणकीच्या डॉक्टरकडे पळत. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की डोमाजीचा पोरगा गावातच आहे.

पहिली तार उकंडा सुताराच्या घरची. यांना बोलावणं आलं तेव्हा मी तांब्यात निखारे घालून यांच्या बुशशर्टाला इस्त्री केली. खिशाला पेन लावून हे गेले. परत आले ते छाती पुढे काढूनच.

मामाजींनी विचारलं, "कायची तार होती?"

"मयताची. त्याचा साडू गेला."

"मंग तू सांगून आला?"

"सांगून नाई, बा. वाचून आलो."

मामाजी म्हणाले, "बसायले काय टाकलं होतं?"

हे गडबडले. "घाईत होते लोकं. कोण काय टाकते?"

"हं," मामाजी म्हणाले.

पुढे दर तारेला हेच. हे घरात पाऊल टाकायचे आणि मामाजी तोच प्रश्न विचारायचे. कधी अंगण ओलं होतं, कधी घरात बायाच होत्या, कधी हे स्वतःच शाळेच्या घाईत होते. काही ना काही कारण निघायचंच. मला मामाजींचा राग यायचा. म्हाताऱ्याला पोराचं कौतुक नाही, असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. एक दिवस हे घरी येतील आणि म्हणतील, "सतरंजी टाकली होती, बा." त्या एका वाक्यासाठी मी निखारे फुंकत होते. इंग्रजीत पाटलालाही यू आणि आपल्यालाही यू. मग ते इंग्रजी वाचणाऱ्याला बसायला सतरंजी नको?

त्या वर्षी कापूस चांगला फुटला होता. मास्तरची बायको झाले तरी वेचणीला मी जातच होते. त्या दिवशी दुपारी पाटलांच्या वाड्यासमोर कापूस मोजायला आम्ही बाया आपापली गाठोडी घेऊन बसलो होतो. तेवढ्यात तारवाल्याची सायकल आली. मारोतराव पाटलांनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. पाटीलकी आता नावालाच राहिली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते ओरडले, "अरे, त्या डोम्याच्या देव्याले बलावा रे!"

माझ्या मांडीवर कापूस होता. मी तो उगाच निवडत राहिले.

हे शाळेतून आले. अंगणाच्या मध्यावर थांबले. ओसरीवर सतरंजी होती, तिच्यावर गावचे दोघे-तिघे बसलेले होते. कुणी सरकलं नाही. पाटलांनी ओसरीच्या कडेवर कागद ठेवला आणि हात मागे घेतला. यांनी तो उचलला, आणि आधी इंग्रजीत वाचला. मोठ्याने, ठासून, एकेक शब्द सुटा करत. गरज नव्हती. तिथे कुणाला कळणार होतं? पण मला कळलं, हे का वाचतात ते. हे माझ्यासाठी वाचत होते, आणि कदाचित त्या सतरंजीसाठी.

"सांग ना लवकर!" पाटील म्हणाले.

"वच्छलाबाई सिरिअस हायेत. ताबडतोब निघा, असं लिवलं."

वच्छला पाटलांची धाकटी बहीण, हिंगणघाटला दिलेली. "सिरिअस म्हंजे?" पाटलांनी विचारलं.

यांनी मान खाली घातली. तारेत सिरिअस लिहिलं की माणूस गेलेलं असतं, हे यांनीच मला सांगितलं होतं. इंग्रजी माणूससुद्धा मरण एकदम तोंडावर फेकत नाही, म्हणाले होते. आणि तेव्हा मामाजी पटकन बोलून गेले होते, "आमीही तसंच करत होतो. आधी सांगाचं, लय जास्त हाये. मंग वाटेनं बाकीचं." बोलून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं होतं.

हे पाटलांना म्हणाले, "लय जास्त हाये, पाटील. तुमी निघाच."

पाटलीण रुखमाबाई दारातच बसली आणि तिने हंबरडा फोडला. गडी गाडी जुंपायला धावले. आम्ही बाया उठून उभ्या राहिलो. हेही उभे, हातात तार. त्या गोंधळात मला दिसली तानाबाई. पाटलांची आई. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. तिची लेक गेली होती, पण ती रडत नव्हती. भिंत चाचपत ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ज्वारीने भरलेलं सूप होतं. पायरीपायरीने ती उतरली आणि यांच्यासमोर येऊन थांबली.

"घे बा, डोमाजी," ती म्हणाली. "लय लांबून आला तू."

त्या बाईच्या मनात वाईट काही नव्हतं. सुपाच्या कडेवरून दाणे सांडत होते. लेकीच्या मरणाची बातमी आली आणि तिच्या हातांनी जे जन्मभर केलं तेच केलं. मी मनात म्हणत होते, मागे सरा. तार द्या आणि जा शाळेत. काही बोलू नका, नुसते मागे सरा.

यांनी खाली वाकून बुशशर्टाची पुढची दोन टोकं धरली आणि झोळी केली.

मी इस्त्री केलेला शर्ट तो. तानाबाईने वरून ज्वारी ओतली. दाण्यांचा आवाज मला आजही नको वाटतो. सूप रिकामं झालं आणि यांच्या तोंडून निघालं, "थँक्यू."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कुणी पाहिलंसुद्धा नाही. मयताचा सांगावा आला, दाणे दिले, आणणारा निघाला. त्यात पाहण्यासारखं काय होतं? माझ्या शेजारची बसंतीबाई तेवढी माझ्याकडे न बघता आपलं गाठोडं बांधत राहिली. जमिनीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं. थँक्यूबाई!

मी यांच्या मागे निघाले. हे पोटाशी झोळी धरून वाकून चालत होते. पांदणीच्या अरुंद वाटेत आल्यावर थांबले. मागे न बघता म्हणाले, "पदर धर. एवढं तुह्या पदरात घे."

"मी नाई घेत."

"लोकं पायतील, प्रभा."

"पायलं त पायलं."

दाणे फेकता येत नव्हते. मामाजींच्या घरात तरोट्याची भाजी खाऊन दिवस काढलेत, तिथे ज्वारी मातीत कोण टाकेल? परत नेऊन द्यायला यांचे पाय वळत नव्हते. मला यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला यांची लाज वाटत होती, आणि यांची लाज वाटते याचीही लाज वाटत होती. यांच्या जागी मी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. तेच केलं असतं. तरी मी पदर पुढे केला नाही.

मामाजी ओट्यावर बसलेले होते. यांना असं येताना पाहून ते उभे राहिले. त्यांनी यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. झोळी धरलेल्या हातांकडे पाहत राहिले. मी वाट पाहत होते, आता विचारतील, बसायले काय टाकलं होतं. त्यांनी विचारलं नाही. तो प्रश्न न येणं हे मारण्यापेक्षा वाईट होतं.

"कोणाच्या घरचे?" एवढंच म्हणाले.

"पाटलाच्या. वच्छलाबाई गेली."

मामाजी आत गेले आणि आमचं सूप घेऊन आले. यांच्या पोटाशी धरलं. यांनी टोकं सोडली. एक दाणा खाली पडला, तोही मामाजींनी वाकून उचलला. "चाल," ते म्हणाले. "सूनबाई, तूही चाल."

दिवस कलला होता. त्या अंगणात मामाजी छप्पनपासून गेले नव्हते. पाटील आणि पाटलीण हिंगणघाटला निघून गेले होते. तानाबाईला एवढ्या लांब नेता येत नाही म्हणून तिला मागे ठेवलं होतं. ती अंगणातच बसली होती, भोवती गावच्या काही बाया आणि माणसं. सतरंजी गुंडाळून ठेवलेली. मयताच्या घरी कुणालाच काही टाकत नाहीत. सगळे भुईवर बसले होते. मामाजी गेले आणि त्यांच्यातच भुईवर बसले. मांडीवर सूप. दोघे-तिघे चुळबुळले, पण भेटायला आलेल्याला ऊठ कुणी म्हणत नाही. हे मात्र दूर, कडुलिंबाजवळ उभे राहिले.

"तानाबाई," मामाजी म्हणाले. "मी डोमाजी. वच्छीले माह्या खांद्यावर बसवून बैलं दाखवले हायेत म्या. लय वाईट झालं."

तानाबाईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग ती रडली, तारेनंतर पहिल्यांदाच. मामाजी ती थांबेपर्यंत थांबले. मग सूप पुढे सरकवून तिच्या पायाशी ठेवलं. "हे तुमचे दाणे. चुकून आमच्याकडे आले."

तिने सुपात हात घातला, ज्वारी चाचपली. तिला काही उमजेना. "तू आत्ता आला? मंग मघाशी कोण आलता?"

"माहा पोरगा होता. देवराव. गावचा मास्तर हाये."

"मास्तर?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, खरोखर विचारावं तसा. "मास्तर होता, त मंग त्यानं घेतले काहून?"

मी कडुलिंबाकडे पाहिलं. हे झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून उभे होते आणि शर्टाच्या चुरगळलेल्या टोकांवरून हात फिरवत होते, सारखा, सारखा, जणू त्याने इस्त्री परत येणार होती.

दाणे तानाबाईच्या पुढ्यात ओतून, रिकामं सूप काखेत मारून मामाजी निघाले. मागे हे, त्यांच्यामागे मी. मोहल्ल्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा हे दोन पावलं झपाट्याने पुढे झाले आणि बापाच्या बरोबरीला आले. यांना मराठी येत होतं, इंग्रजी येत होतं. पण त्या वेळी यांच्या तोंडून निघाला तो एकच शब्द.

"सॉरी, बा."

मामाजी थांबले. त्यांनी खाली पाहिलं, आधी स्वतःच्या अनवाणी पायांकडे, मग यांच्या चपलांकडे.

"कायले?" ते हळूच म्हणाले. "पाय थोडाच पडला तुहा माह्या पायावर."

आणि सूप दुसऱ्या काखेत घेऊन ते घराकडे चालायला लागले.